गंडमला घराचा रंग का मारला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, प्रतिक्रिया आवडली. म्हंजे पहिल्यांदा वाचली तेव्हा अजिबात नाही आवडली, चहा पिऊन परत वाचली तेव्हा आवडली. तुमचं म्हणणं असं, की चांगल्या आरएक्स-७८-२ ची (म्हंजे जपानी कार्टून मालिकेतल्या गंडम या यंत्रमानवाच्या प्लास्टिक किटची) मी वाट लावली, कंपनीने पांढरा-निळा-लाल-पिवळा ठरवून दिलाय त्याला हात लावायचा नसतो, पिवळा मळका दिसतोय, डाव्या खांद्यावर बुरशी आलीय, आणि वर "हे गंडम आहे की फोंतेन्हासमधलं घर?"

शेवटचं आधी घेतो. घरच आहे ते, पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वाड्यातलं! पिवळी भिंत, खिडकीला पांढरी पट्टी, वर कौलं, हे डोक्यात ठेवूनच छाती पिवळी, कडा पांढऱ्या आणि खांदे-पावलं कौलांच्या रंगाची केली. साडेबारा सेंटिमीटरच्या बाहुल्यावरून तुम्हाला फोंतेन्हास आठवलं तर माझं काम झालं की. शेजारची मावशी तर "कितें रे हें, नरकासूर?" म्हणून गेली.

आता खांदा. इथे तुम्ही शंभर टक्के बरोबर, फक्त ती बुरशी नव्हे, त्याला ब्लशिंग म्हणतात. गणेश चवथीच्या आधी बाल्कांव (घराचा पुढचा ओटा) रिकामा करून दे म्हणून आई मागे लागलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि मी घाईत लॅकरचा मॅट स्प्रे (चकाकी घालवणारा शेवटचा हात) मारला. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो, मग हवेतली वाफ तिथेच बसते आणि कोटिंगमध्ये अडकते. पांढऱ्या पार्टवर कळलं नसतं, पण कौलाच्या तांबड्यावर पिठी भुरभुरल्यासारखं उठून दिसलं. बोटाने पुसून बघितलं तर जाईना, तेव्हा पोटात गोळा आला. सगळीकडे लिहिलेलं असतं की दमट दिवसात स्प्रे करू नका, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुसरा दिवस असतोच कुठे?

पिवळ्याचं अर्धं मान्य. पिवळा झाकत नाही, खालचा रंग वर येतो, आणि मी शहाणा ग्रे प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) सरळ पिवळा मारायला गेलो. तीन हात झाले तरी हिरवट, पावसात शेवाळ धरलेल्या भिंतीसारखा. छाती मग ८०० नंबरच्या पेपरने घासली, पांढरा बेस दिला, परत पिवळा. पण पाठीवरचा बॅकपॅक मुद्दाम तसाच ठेवलाय कारण घराची मागची भिंत तशीच असते हो. तुम्ही बघितला तो फोटो पाठचा.

मूळ रंगाचं मात्र अजिबात मान्य नाही. १९८० साली बांडाय या जपानी खेळणी कंपनीने पहिलं १/१४४ मापाचं गंडम काढलं, ३०० येनला, ते पांढऱ्या प्लास्टिकचं होतं, गोंदाने जोडायचं आणि रंग पोरांनीच मारायचा. रंगीत प्लास्टिक, गोंदाशिवाय खटाखट बसणारे पार्ट, हे सगळं नंतर आलं. मग मूळ परंपरा कोणती, डब्यातून काढून तसंच ठेवायची की ब्रश घेऊन बसायची? आणि १९७९ च्या मूळ गंडम मालिकेत बाकीच्यांचे झाकू (शत्रूचे यंत्रमानव) हिरवे असताना त्यांचा पायलट शार लाल झाकू घेऊन फिरतो, त्याला कोणी विचारलं नाही.

पैसे वाया गेले म्हणता, ते माझे आहेत, सोडा.

एक मात्र सांगतो, पॅनल लाइनसाठी (पार्टवरच्या बारीक खाचा गडद करायला) पातळ इनॅमल रंग सरळ ओतायचा सल्ला दिलात तो कृपा करून कोणी घेऊ नका. एबीएस प्लास्टिकच्या सांध्यात इनॅमलचा थिनर शिरला की ते तडकतं. माझ्या जुन्या किटचा घोटा असाच गेला, आता ते टेकवूनच उभं करावं लागतं.

खांदा नोव्हेंबरात परत मारणार, थिनरमध्ये रिटार्डर घालून, म्हंजे सावकाश सुकेल. तोवर त्याचे फोटो उजव्या बाजूनेच काढतोय.