रिठ्याची पावडर काय घेताय, झाड लावा की

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकीने फोटो टाकला. काचेची बरणी, आत रिठा-शिकेकाईची पावडर, झाकणाला सुतळीचा बो, आणि खाली 'शंभर टक्के केमिकल फ्री'. किंमत बघून आधी आईच आठवली, तिने ती ऐकली असती तर विकणारीला घरी बोलावून, चहा पाजून, मग सावकाश अक्कल शिकवली असती.

केमिकल फ्री वगैरे काही नसतं हो. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे आणि सॅपोनिन हे केमिकलच, फक्त कारखान्याऐवजी झाडाने बनवलेलं. त्याचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, साबणाचंही काम तसंच चालतं. आणि ते अगदीच गरीब गाय आहे असंही समजू नका, रिठा कुटून डोहात कालवायचा आणि गुंगलेले मासे वेचायचे अशी जुनी पद्धत आहे, सॅपोनिन थेट कल्ल्यांवर जातं. त्यामुळे धुणं झाल्यावर ते पाणी कमळाच्या टबात ओतू नका, गप्पी मासे मरतील.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. रविवारी डोक्यावरून न्हाणं म्हणजे शनिवारी रात्रीपासून तयारी. आई पाट्यावर रिठा ठेवून वरवंट्याचा एक ठोका द्यायची, काळी गुळगुळीत बी टणकन उडून कपाटाखाली, ती आम्ही खेळायला पळवायचो. सालं, शिकेकाईच्या शेंगा, आवळकाठी, वाळलेली लिंबाची साल असं सगळं पोचे आलेल्या पातेल्यात रात्रभर भिजत आणि सकाळी चुलीवर एक उकळी. वास आंबूस, जुन्या खजुरासारखा, मला अजिबात आवडायचा नाही. आणि डोळ्यात गेलं की खेळ खलास, अर्धा तास डोळे लालबुंद. "डोळे मीट गं बाये, कितीदा सांगू" हे दर रविवारी. आता आजीच्या काळाच्या गोड गोड पोस्ट लिहिणाऱ्यांपैकी कोणीच हे का लिहीत नाही, मला खरंच कळत नाही.

पण गुण आहे तो आहेच. पुण्यात आमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आणि टँकर, साबण कितीही घासा, फेस नाही, उलट बादलीला पांढरट चिकट थर. साबणाची पाण्यातल्या क्षारांशी साय बनते, रिठ्याचं तसं होत नाही, म्हणून जड पाण्यातही तो फेसाळतो. आईच्या दोन रेशमी साड्या आणि एक लोकरीची शाल मी अजून रिठ्यातच काढते, सोनारही दागिने उजळायला रिठाच वापरतात. रोजच्या कपड्यांना मात्र मी जुन्या मोज्यात पाच-सहा सालं बांधून मशीनमध्ये टाकून बघितलं, साधा घाम-धूळ निघते, शर्टाची कॉलर निघत नाही ती नाहीच. हळदीच्या डागाची तर गंमतच, साबण लागला की तो लाल होतो, रिठ्याने पिवळाच राहतो, पण जात दोन्हीने नाही 😄 आणि केलेलं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, महिन्याभराचं करून ठेवू नका.

तर माझं म्हणणं एवढंच की आवडतंय ना, मग झाड लावा. पण रिठा हा कुंडीतला प्रकार नाही, चांगला तीस-चाळीस फूट जाणारा वृक्ष आहे. आपल्या कोकणातल्या रिठ्याचं फळ बघितलंय का, तीन गोट्या एकमेकींना चिकटल्यासारखं असतं, दुकानात जे सुटे गोल रिठे मिळतात ते बहुतेक हिमालयाकडच्या जातीचे. बी दगडासारखी कडक, नुसती पुरली तर महिनोनमहिने ढिम्म. मी एका बाजूने पॉलिश पेपरवर घासते, दिवसभर कोमट पाण्यात भिजवते आणि पावसाच्या तोंडावर पिशवीत लावते, तरी दहातल्या चार-पाचच उगवतात. आणि बियांपासून वाढलेलं झाड फळायला आठ-दहा वर्षं सहज घेतं. इथेच सगळ्यांचा उत्साह मावळतो.

शिकेकाईचं तर विचारूच नका. ती वेल आहे, साधीसुधी नाही, आकड्यांसारख्या काट्यांनी दुसऱ्या झाडांवर चढणारी, बाल्कनीत लावली तर धुणं वाळत घालायची सोय संपली. मी हौसेने गावच्या कुंपणाला लावायला एका नर्सरीतून रोप नेलं, दोन वर्षं जपलं, हात ओरबाडून घेतले, आणि मग त्याला पिवळ्या फुलांचे लांब तुरे आले. चिल्हार निघाली, शिकेकाईसारखीच काटेरी पण वेगळी वेल! शिकेकाईची फुलं पांढरट, गोंड्यासारखी गोल असतात. पाला चाखून बघायला हवा होता, शिकेकाईचा कोवळा पाला आंबट लागतो, पण हे सगळं दोन वर्षांनी सुचलं. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, काटे आहेत ना मग?"

रिठा मात्र टिकलाय. सहा वर्षांपूर्वी सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात लावला तेव्हा मीटिंगमध्ये निम्म्यांना गुलमोहर हवा होता, का तर फोटो छान येतात. एक काका म्हणाले, फळं पडून कचरा होईल. म्हटलं काका, कचरा नाही हो, साबण पडेल. आता तो दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लागलाय, फळ अजून एक नाही, काका दर फेब्रुवारीत मान वर करून बघतात आणि मला विचारतात, काय वहिनी, साबण आला का.

माझ्याकडे गावाहून आणलेल्या पन्नासेक बिया आहेत. जवळपास राहणाऱ्यांनी जूनच्या आत घेऊन जा, फुकट देते. फक्त आधी जागा दाखवा, कुंडी दाखवलीत तर देणार नाही. आणि पावडर कुठे मिळते ते कमेंटमध्ये विचारू नका प्लीज.