थडगी ऐच्छिक, सूचना मात्र सक्तीच्या
‘टूम रेडर’ या व्हिडिओ गेम मालिकेला तिची जुनी मजा परत मिळवता येईल का, हा प्रश्न दर नव्या भागाच्या वेळी विचारला जातो आणि दर वेळी त्याचे उत्तर आणखी चकचकीत दृश्यांत शोधले जाते, याचा आता मनस्वी संताप येतो.

1996 साली इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या कंपनीने काढलेल्या पहिल्या भागात नायिका लारा क्रॉफ्टचे सगळे जग ठोकळ्यांचे होते, पण मजा त्या ठोकळ्यांतच होती. कड्याच्या टोकाशी यायचे, एक उडी मागे घ्यायची, धावत येऊन झेप टाकायची आणि पलीकडची कडा पकडण्यासाठी बटण दाबून धरायचे. अंदाज चुकला तर लारा खाली आपटून मरत असे आणि दोष सर्वस्वी आपला असे. ग्रीसमधल्या ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ या टप्प्यात खोल विहिरीसारख्या वास्तूच्या कडेने नेपच्यून, अ‍ॅटलस, डॅमोक्लिस आणि थॉर या नावांची दारे होती. डॅमोक्लिसच्या दालनात छताला तलवारी टांगलेल्या दिसत. त्यांतली कोणती केव्हा कोसळेल हे कोणीही सांगत नसे. बहुतेक वेळ संगीतसुद्धा नसे, त्यामुळे स्वतःच्याच पावलांच्या आवाजाने दचकायला होई.

आणि 2013 साली नव्याने सुरू झालेल्या मालिकेत काय आहे? एक बटण दाबले की उपयोगाची प्रत्येक वस्तू उजळून निघते, चढण्याजोग्या कडांना पांढरा रंग फासलेला असतो आणि विचार करायला क्षणभर थांबावे, तर लारा स्वतःशीच पुटपुटत उत्तराची दिशा सांगून मोकळी होते. अहो, मग आम्ही कशासाठी बसलो आहोत? दिवसभर कार्यालयात वरिष्ठांच्या सूचना झेलून रात्री तासभर खेळायला बसणाऱ्याने तिथेही सूचनाच ऐकायच्या का? कहर म्हणजे थडगी धुंडाळणारीच्या या खेळात थडगीच ऐच्छिक करून टाकली आहेत: आत जावे, एक कोडे सोडवावे, बक्षीस घ्यावे आणि पुन्हा गोळीबाराला लागावे.

2018 च्या ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’मध्ये शोधाची आणि कोड्यांची काठिण्यपातळी लढाईपासून वेगळी ठरवता येते आणि शोधाची पातळी वाढवली की तो पांढरा रंगही नाहीसा होतो, हे मान्य. म्हणजे दुखणे कुठे आहे, हे निर्मात्यांना पक्के ठाऊक आहे! पण रंग पुसल्याने वाट बदलत नाही. ती एकच आणि आधीच आखून दिलेली राहते.

मजा संपलेली नाही, हे 2024 मध्ये आलेल्या पहिल्या तीन भागांच्या नूतनीकृत संचाने दाखवून दिले आहे. त्यात एक बटण दाबून जुनी आणि नवी दृश्ये आलटून पालटून पाहता येतात. दृश्य बदलते, पण दरी तेवढीच रुंद राहते आणि छातीतली धडधडही तीच. तेव्हा पुढच्या भागात पानांवरचे दवबिंदू कमी दाखवलेत तरी चालेल, पण निदान एक दार तरी असे ठेवा, ज्याची किल्ली कुठे आहे हे लारालाही ठाऊक नसेल.