‘कबाल’ आणि पाच आद्याक्षरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘कबाल’, म्हणजे गुप्त मसलती करणारे टोळके, या इंग्रजी शब्दावरील माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सतराव्या शतकातला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, अ‍ॅश्ली आणि लॉडरडेल या पाच मंत्र्यांच्या आद्याक्षरांपासून हा शब्द तयार झाला, असे आपले म्हणणे आहे. ते मांडताना आपण लिहिता, ‘एवढी शाळकरी गोष्ट ठाऊक नसणाऱ्याने व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु हे वाक्य हिणवण्यासाठी लिहिलेले आहे आणि ते मला लागले.

एक चूक मान्य करतो. अ‍ॅश्लीला शाफ्ट्सबरीचा अर्ल हा किताब १६७२ साली मिळाला. मी १६७० लिहिले होते. ते दुरुस्त केले आहे.

आता त्या शाळकरी गोष्टीविषयी. मी २४ वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आहे. ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती असे आपल्याला वाटत असेल, तर लेखाचा तिसरा परिच्छेद आपण वाचलेला नाही, कारण तिथे ती सांगूनच मी नाकारली आहे. हे पाच जण पुढे आले ते १६६७ साली चार्ल्सचा मुख्य मंत्री क्लॅरेंडन याची सत्ता गेल्यानंतर. परंतु ‘कबाला’ या नावाचा राजकीय पत्रांचा संग्रह लंडनमध्ये १६५४ सालीच छापला गेला होता, आणि तेव्हा चार्ल्स परदेशात परागंदा होता. लंडनमधला त्या काळचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीतही राजाच्या आतल्या गोटासाठी हा शब्द १६६५ साली येतो. आद्याक्षरे जुळली हा योगायोग होता, आणि शब्दाला खलबतांचा वास आधीपासूनच असल्यामुळे लोकांनी तो उचलून धरला. शिवाय हे पाच जण एकदिलाचे कधीच नव्हते. फ्रान्सशी झालेल्या १६७० च्या डोव्हरच्या तहातले, चार्ल्सने कॅथलिक पंथ स्वीकारण्याविषयीचे गुप्त कलम क्लिफर्ड आणि आर्लिंग्टन यांना माहीत होते. बकिंगहॅम आणि अ‍ॅश्ली यांच्यापासून ते लपवले गेले.

मूळ शब्द हिब्रू आहे : ‘कब्बाला’, म्हणजे परंपरेने स्वीकारलेले ज्ञान. ज्यूंच्या गूढविद्येचे हे नाव लॅटिन आणि फ्रेंच भाषांमधून इंग्रजीत येईपर्यंत गुपिताला कटाचा अर्थ चिकटला. स्वीकारणे या अर्थाचा हाच सेमिटिक धातू अरबीतही आहे, आणि आपला ‘कबूल’ त्यातूनच फारसीच्या वाटेने आला. कुटुंबकबिल्यातला ‘कबिला’ही त्याच धातूचा. माझ्या वडिलांनी मोल्सवर्थचा कोश मांडीवर घेऊन मला तो शब्द दाखवला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ज्याला आपण ‘ओढूनताणून जोडलेले मराठी नाते’ म्हणता, ते हे नाते आहे.

माझी वाक्ये लांब असतात आणि मराठी माणसाने इंग्रजी शब्दांच्या नादी लागू नये, या आक्षेपांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. किताबाचे साल बदलले आहे. व्युत्पत्तीचा परिच्छेद होता तसाच राहील.