बोगोर आणि पुंचाक एकाच शनिवारी?

या प्रवासलेखात इंडोनेशियातलं जकार्ताजवळचं बोगोर शहर आणि त्याच्या पुढचं डोंगरातलं थंड हवेचं पुंचाक एकाच शनिवारी उरकायला सांगितलंय, ते अजिबात पटलं नाही. वीकेंडला पुंचाकच्या घाटात इतकी गर्दी असते की पोलीस ठराविक वेळ एकाच दिशेची वाहतूक सोडतात, म्हणजे तुम्ही वर निघालात आणि खाली उतरणाऱ्यांची पाळी लागली की बसा गाडीतच चिप्स खात, आम्ही बसलोय.

त्यापेक्षा जकार्ताहून लोकल पकडा, तास-दीड तासात बोगोर, आणि १८१७ सालचं ते बोटॅनिकल गार्डन सकाळीच बघून घ्या कारण दुपारनंतर पाऊस बऱ्याचदा गाठतोच (कोता हुजान म्हणजे पावसाचं शहर उगाच नाही म्हणत). आणि तिथलं आसिनान, फळांचं ते आंबट-गोड-तिखट लोणचं, त्याचा लेखात उल्लेखच नाही, कमाल आहे!