कोयनेच्या गोड्या पाण्यातही जेट पंपाचं तेल खराब होतं

तापोळा, बामणोली, मुनावळे पट्ट्यातल्या बोटवाल्यांच्या मोबाइलवर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘गोड्या पाण्यातल्या वॉटर स्कूटरला जेट पंपाचं तेल बदलावं लागत नाही. बदलायचंच असेल तर उरलेलं इंजिन ऑइल चालतं. तेल पांढरं दिसलं तर नवं टाका, काम झालं. टाकताना गच्च भरा. मग ट्रेलरवरच दोन मिनिटं रेस करून बघा.’ यातलं एकही वाक्य धड नाही.

पण त्याआधी, तुमच्या जेट पंपात, म्हणजे पाणी मागे फेकून स्कूटर पुढे ढकलणाऱ्या पंपात, तेल असतं का ते बघा. यामाहा आणि कावासाकीच्या पंपात बेअरिंगला ग्रीस असतं. सी-डू ब्रँडच्या 2014 पासून आलेल्या स्पार्क मॉडेलमध्येही बदलायचं तेल नाही. जुन्या सी-डू मशीनमध्ये मात्र इंपेलरच्या (पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) मागे, निमुळत्या टोपीच्या आत, तेलात बुडालेली बेअरिंग असतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आता गोड्या पाण्याचं. मीठ गंज लवकर आणतं, एवढं खरं. पण बेअरिंगचा घात साधं पाणीही करतं. फेऱ्या चालू असताना पंपाचा गाभा तापतो. मशीन धक्क्याला लागलं की तो गार पाण्यात झटकन निवतो, आतली हवा आकसते आणि सीलचा (फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या कड्याचा) ओठ झिजलेला असेल तर पाणी आत ओढलं जातं. त्यात शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, उन्हाळ्यात उतरला की काठाला गाळ आणि बारीक खडे उघडे पडतात. उथळ पाण्यात थ्रॉटल दिला की पंप ते सगळं ओढून घेतो. वेअर रिंग (इंपेलरभोवतीचं कडं) आणि इंपेलरच्या पात्यांना चरे पडतात, आणि मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा इंपेलरमागच्या फटीत शिरला तर तो सरळ सीलवर बसतो. भाड्याने दिवसभर चालणाऱ्या मशीनचं तेल साधारण 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, बदलायलाच हवं. लागतं तरी किती? 100 मिलीच्या आसपास, म्हणजे एका कटिंग चहाएवढं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो.

तेल कुठलं? सिंथेटिक 75डब्ल्यू-90, जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल. पंपात गिअर नाहीत, मग गिअर ऑइल कशाला, असं कोणी म्हणेल. इंपेलर पाणी मागे ढकलतो तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतः पुढे रेटला जातो, आणि तो रेटा या छोट्या बेअरिंगवर येतो. तिथे तेलाचा थर तुटून चालत नाही. इंजिन ऑइलमधली डिटर्जंट तर पाण्याला धरून ठेवतात. वेगवेगळ्या जातीची तेलं एकात एक मिसळू नका.

सगळ्यात घातक वाक्य पांढऱ्या तेलाचं. तेल दुधाळ झालं म्हणजे पाणी शिरलंय, आणि ते जिथून शिरलं ती वाट नवं तेल टाकून बुजत नाही. वाटा मुख्यतः दोन: टोपीची ओ-रिंग (रबरी गोल कडी) आणि इंपेलरच्या बाजूचं शाफ्टचं सील. टोपीवरच्या तेलाच्या प्लगच्या (बुचाच्या) भोकात अडॅप्टर लावून गेजवाल्या हातपंपाने 10 पीएसआय हवा भरा, त्याच्या वर नाही. 10 मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे लावू नका, धड असलेलं सीलही उडेल. तेलात चंदेरी कणी चमकत असेल तर बेअरिंग गेलंय. मग निव्वळ तेल बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

काम करायचं ते मशीन गार असताना. किल्लीची दोरी (इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी) काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. स्टिअरिंग आणि रिव्हर्सच्या केबल सुट्या करून पाणी बाहेर फेकणारा मागचा नोझल उतरवला की टोपी दिसते. प्लग काढा, मशीनचं तोंड थोडं उचला आणि तेल डब्यात पडू द्या. टोपी उघडलीच तर ओ-रिंग नवीच टाका, जुनी चपटी झालेली असते. टोपी बहुतेक मशीनवर प्लास्टिकची असते. स्क्रू जोर लावून आवळला की ती तडकते, आणि ती तड पुढे पाण्याची तिसरी वाट होते. नोझलच्या बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

गच्च भरण्याचा सल्ला अर्धवट माहितीतून आलाय. मशीन सपाट ठेवून तेल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आणायचं. मग इंपेलर हाताने फिरवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. अडकलेली हवा निघते, पातळी बसते, तेवढंच परत भरायचं. मशीन तिरकं करून त्याच्या वर कोंबलं तर तापल्यावर तेलाला फुगायला जागा राहत नाही, आणि ते सील ढकलून वाट काढतं.

राहिली ट्रेलरवरची रेस. हवेत फिरणाऱ्या इंपेलरवर रेटाच नसतो, त्यामुळे पंपाची परीक्षा होतच नाही. उलट ड्राइव्ह शाफ्टची कार्बन रिंग (शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं सील) पाण्याशिवाय जळते, एक्झॉस्ट तापतो. फ्लशिंगचा (आतून धुण्याचा) पाइप लावला तरी आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. आणि फ्लशिंगने कार्बन रिंगपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून तेही थोडक्यात उरका.

खरी चाचणी पाण्यातच होते. पाचेक तास चालवून, गार झाल्यावर प्लग काढून पातळी आणि रंग बघा. तेल स्वच्छ असेल तर सील धरतंय. काढलेलं तेल डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या, धक्क्यावर ओतू नका. तिथलंच पाणी आजूबाजूची गावं पितात.