नाकारलेलं काम परत कुठे मिळतं?

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: “फोटोंना लेबल लावा, घरबसल्या कमवा. वेळ तुमची. काम नीट केलं तर पैसे नक्की.” माझी धाकटी बहीण वर्षभर हेच काम करते, म्हणून उत्तर देतोय.

“वेळ तुमची.” तिला काम देणारे बहुतेक अमेरिकेतले. त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र. पोरांना झोपवून ती साडेदहाला मोबाईल घेऊन ओट्याजवळ बसते आणि चित्रातल्या एकेका सिग्नलभोवती बोटाने चौकट ओढते, कॉम्प्युटरला सिग्नल ओळखायला शिकवण्यासाठी. चांगलं काम आलं की मिनिटाभरात दुसरं कुणी उचलतं, म्हणून पाणी प्यायलाही उठत नाही.

“कमवा.” आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ७५ देशांतल्या ३,५०० अशा कामगारांना विचारून २०१८ मध्ये अहवाल काढला. पैसे मिळणाऱ्या दर तासामागे सरासरी २० मिनिटं फुकट जातात, काम शोधण्यात आणि चाचण्या देण्यात. ती धरली तर निम्म्या लोकांची कमाई तासाला २.१६ डॉलरच्याही खाली. रुपयांत हा आकडा बरा वाटेल, पण काम रोज मिळत नाही, आणि काम देणाऱ्याने यादीतून आपला देश गाळला तर आपल्याला ते दिसतही नाही.

“नीट केलं तर पैसे नक्की.” हे तर धादांत खोटं. त्याच अहवालात दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी सांगितलं की कधी ना कधी त्यांचं काम नाकारलं गेलं किंवा पैसे मिळाले नाहीत. गेल्या महिन्यात बहिणीची दोनशे चित्रं नाकारली. कारण एका ओळीत: गुणवत्ता अपुरी. कुठली चौकट चुकली, हे तिने तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. लासलगावला व्यापाऱ्याने भाव पाडला तर शेतकरी ट्रॉली परत नेऊ शकतो, कांदा त्याचाच राहतो. इथे पैसे बुडतात आणि केलेलं काम समोरच्याकडेच राहतं. मेकॅनिकल टर्क या ॲमेझॉनच्या २००५ साली सुरू झालेल्या, अशीच छोटी कामं देणाऱ्या वेबसाइटवरही हीच रीत. वर आपल्या मंजूर झालेल्या कामांची टक्केवारी घसरते, मग मोठी कामं दिसेनाशी होतात.

दाद कुठे मागायची? अंबडच्या कारखान्यात पगार अडला तर निदान सुपरवायझरसमोर उभं राहता येतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्लॅटफॉर्म कामगार (ॲप किंवा वेबसाइटवरून काम घेणारा) हा शब्द आला, किमान वेतनाची हमी त्यात नाही.

बहीण आता वहीत रोज लिहिते: बसले किती तास, दिलं किती, नाकारलं किती. तिची परवानगी मिळाली आहे. मेसेज पुन्हा आला की त्या पानांचे फोटो मी त्याच्याखाली टाकणार.