डावी बाजू बंद

माझ्या घशाची डावी बाजू निकामी झाली आहे, हे मला गेल्या गुरुवारी पहाटे, पंधरा-वीस अनोळखी माणसांच्या देखत, डोळे मिटून बसलेल्या एका गृहस्थांकडून समजले. निदान खरे तर एका घोड्याचे होते. श्वास मात्र माझा होता, आणि या तपशिलाबद्दल त्या गृहस्थांनी अजूनही दिलगिरी व्यक्त केलेली नाही.

मोठी शर्यत रविवारी होती. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात घोड्यांचा पहाटेचा सराव पाहून त्यांची पारख करता येते, असे मानणाऱ्यांचा एक पंथ आहे आणि मी त्यात नुकताच दाखल झालो होतो. दीक्षेसाठी एक दुर्बीण, एक स्टॉपवॉच, एक वही आणि झोपेवर पाणी सोडण्याची तयारी एवढेच लागते. मैलाचा आठवा भाग म्हणजे एक फर्लाँग, साधारण 201 मीटर. तो बारा सेकंदांत कापत राहणारा घोडा कामाचा, असा ढोबळ हिशेब असतो. परंतु नुसती वेळ मोजणारा माणूस या पंथात अडाणी समजला जातो. त्यामुळे मी घोड्याचे कान कुठे वळले आहेत, शेपूट चिडून फिरते आहे का, लगामाशी तोंड वाकडे करून भांडण चालले आहे का, वळण संपवून सरळ धावेवर येताना तो पुढे पडणारा पाय बदलतो का आणि ठरलेले अंतर संपून स्वाराने हात सैल सोडल्यावरही तो आपल्या खुशीने किती लांब पळत राहतो, हे सर्व टिपून घेत होतो. तीन पहाटांत माझी सत्तावीस पाने भरली होती.

त्यांतील पाऊण पान वाया गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी ज्या घोड्याच्या धीरगंभीर स्वभावाचे मी तोंड भरून वर्णन लिहिले, तो शर्यतीचा घोडाच नव्हता. बुजऱ्या घोड्यांना धीर यावा म्हणून त्यांच्या शेजारून चालवण्यात येणारा तो एक पोक्त सोबती होता. तो शांत असणे स्वाभाविकच होते. त्याला रविवारी काही करायचे नव्हते. केंटकी डर्बी या अमेरिकेतील प्रसिद्ध शर्यतीच्या आठवड्यात तिथल्या चर्चिल डाउन्सच्या मैदानावर डर्बीच्या घोड्यांच्या खोगिराखाली त्यांचे नाव लिहिलेले कापड घालतात, त्यामुळे तिथल्या नवशिक्याची अब्रू वाचते. मी उभा होतो तिथे अशी कोणतीही दया नव्हती. अंधारातून येणारा प्रत्येक घोडा तपकिरी होता आणि जाणारा प्रत्येक घोडा त्याहून तपकिरी होता.

गुरुवारी माझ्या पसंतीचा घोडा, कपाळावर पांढरी चांदणी असलेला एक तांबडा, शेवटचा जोरदार सराव करणार होता. मला उशीर झाला. प्रेक्षकांच्या सज्जाच्या बासष्ट पायऱ्या मी धावत चढलो आणि कठड्याशी जी एकच जागा मोकळी दिसली तिथे जाऊन आदळलो. ती मोकळी का होती, हे मला नंतर कळले. शेजारी घडीच्या स्टुलावर एक वयस्क गृहस्थ मैदानाकडे पाठ करून, डोळे मिटून, हनुवटी किंचित वर करून बसले होते आणि त्यांच्याभोवती माणसांनी, गायकाभोवती सोडावे तसे, अदबीचे अंतर सोडले होते. मी त्या अंतरात उभा होतो. माझे तोंड त्यांच्या उजव्या कानापासून फार तर हातभर दूर होते.

त्याच क्षणी चांदणीवाला आमच्यासमोरून सुसाट गेला. मी स्टॉपवॉच दाबले. गृहस्थांनी हात वर केला आणि सर्वजण गप्प झाले.

“हा कोणता?”

“चांदणीवाला,” मागून एक तरुण आदराने म्हणाला.

“संपला,” गृहस्थ म्हणाले. “ऐका. आत घेताना ऐका. घर्रर्र. डावी बाजू बंद आहे.”

मंडळी कान देऊन ऐकू लागली. आता यात माझीही थोडी चूक आहे. आपल्या घोड्यात असा कोणता दोष आहे, तो आपल्यालाही ऐकू यावा, या इच्छेने मी श्वास रोखून धरला.

“थांबला,” गृहस्थ हळहळून म्हणाले. “हे तर फारच वाईट. श्वासच थांबला.”

कुणीतरी जिभेने चुकचुकले. बासष्ट पायऱ्यांनंतर श्वास रोखून धरण्याला मर्यादा असते. मी तो सोडला आणि पुन्हा ओढून घेतला.

“आला परत. पण कष्ट बघा त्याचे.”

एव्हाना चांदणीवाला पलीकडच्या वळणावर, बोटाच्या पेराएवढा दिसत होता. मी अतिशय सौम्यपणे म्हणालो, “अहो, घोडा केव्हाच पुढे गेला.”

“आवाज मागे राहतो,” ते डोळे न उघडता म्हणाले.

“तो माझा श्वास आहे. मी जिना चढून आलो.”

यावर त्यांनी थोडा विचार केला. “तुमचं नाव रविवारच्या यादीत आहे का?”

“नाही.”

“मी रविवारच्या यादीबाहेरचं काही ऐकत नाही. तीस वर्षं कानाला तसं वळण लावलं आहे.”

या युक्तिवादात कुठेतरी फट असली पाहिजे, हे मला तेव्हाही जाणवले होते आणि गेले पाच दिवस मी ती शोधतो आहे. तेव्हा मात्र मी छातीवर हात ठेवून, मुद्दाम मोठ्याने, दोन श्वास घेऊन दाखवले. मागचा तरुण चपापला. गृहस्थांनी मात्र पहिल्यांदाच माझ्या दिशेने मान वळवली (डोळे मिटलेलेच), कान माझ्या छातीच्या पातळीवर आणला आणि सहानुभूतीने म्हणाले, “मग दोघांनाही आहे म्हणायचं. तुम्ही दाखवून घ्या.”

आणि त्यांनी वहीत लिहून घेतले. दोघांचेही.

आता मी जे लिहिणार आहे ते चिडून लिहितो आहे असे वाटेल, आणि ते बरोबर आहे. त्या गृहस्थांची विद्या अगदीच पोकळ नाही, हीच माझी खरी अडचण आहे. घोड्यांना असा विकार खरोखरच होतो. स्वरयंत्राच्या एका बाजूचा, बहुतेक वेळा डाव्याच बाजूचा, मज्जातंतू दुबळा पडतो, श्वास आत घेताना ती बाजू पुरती उघडत नाही आणि भरधाव घोडा घरघरू लागतो. अनुभवी माणसाला ही घरघर कठड्यापाशी ऐकू येते. म्हणजे त्यांचे शास्त्र खरे होते. फक्त रुग्ण चुकला होता. आणि तो चुकू नये एवढी माहिती त्याच शास्त्रात आहे. एक तर घोड्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही, तो सगळा कारभार नाकपुड्यांनी करतो. माझे तोंड त्या वेळी दरवाजासारखे उघडे होते. दुसरे असे की भरधाव घोड्याचा श्वास त्याच्या पायांशी बांधलेला असतो, एका झेपेला एकच श्वास, आणि अशा झेपा मिनिटाला सव्वाशे-दीडशे पडतात. मी घरी जाऊन जिना पुन्हा चार वेळा धावत चढलो आणि स्टॉपवॉच लावून स्वतःचे श्वास मोजले. ते मिनिटाला अडतीस भरले. तीस वर्षे वळण लावलेल्या कानाला अडतीस आणि सव्वाशे यांतील फरक कळू नये काय? हा हिशेब मी कागदावर मांडून खिशात ठेवला आहे. अजून कुणी मागितलेला नाही.

खरे दुखणे वेगळेच आहे. माझ्याकडे सत्तावीस पाने होती आणि त्यांच्याकडे मिटलेले डोळे होते, आणि जमलेल्या माणसांनी एका क्षणात मिटलेल्या डोळ्यांची बाजू घेतली. जो पाहत नाही त्याला काहीतरी जास्त दिसत असणार, ही आपली समजूत घोड्यांपुरती नाही, याची मला कल्पना आहे. पण पहाटे साडेपाच वाजता उठून आलेल्या माणसांनी तरी पाहणाऱ्याची कदर करावी. मागच्या तरुणाने माझ्या समोर आपल्या वहीत चांदणीवाल्यावर काट मारली. मी त्याला सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंतची वेळ दाखवली. त्याने ती आजारी माणसाचे बोलणे ऐकावे तशी ऐकून घेतली.

वेळ उत्तम होती, यात वाद नाही. अर्थात उत्तम वेळेचे पुढे काय होते, हेही मला माहीत होते आणि मी ते सोयीस्करपणे विसरलो होतो. 2006 साली फ्लोरिडातील एका लिलावाआधी ‘द ग्रीन मंकी’ नावाच्या दोन वर्षांच्या घोड्याने खरेदीदारांसमोर एक फर्लाँग 9.8 सेकंदांत कापला. पाहणाऱ्यांचे भान हरपले आणि तो एक कोटी साठ लाख डॉलरना विकला गेला. पुढे तो आयुष्यात तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही आणि त्याने एकूण 10,440 डॉलर मिळवले. त्या सकाळी तिथे उघडे डोळे भरपूर होते. उलट सेक्रेटेरियट नावाचा अमेरिकी घोडा 1973 च्या एप्रिलमध्ये वुड मेमोरियल शर्यतीत तिसरा आला, तेव्हा त्याच्या तोंडात गळू झाले होते. कठड्याशी उभे राहून ते कुणाला दिसणार होते? आणि गळू ऐकूही येत नाही, हे मी त्या गृहस्थांच्या माहितीसाठी नमूद करतो. दोन आठवड्यांनी त्याच घोड्याने केंटकी डर्बी 1 मिनिट 59.4 सेकंदांत जिंकली. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

इथेच सारे घोडे पेंड खाते. पहाटेचा घोडा काय करू शकतो हे आपल्याला दिसत नाही; त्याला काय करायला सांगितले आहे, एवढेच दिसते. ट्रेनर स्वाराच्या कानात काय पुटपुटला, हे दोघांनाच ठाऊक असते. सरावाचा स्वार बऱ्याचदा शर्यतीच्या जॉकीपेक्षा वजनदार असतो, आणि तो किती वजनदार आहे हे कुणी फलकावर लिहीत नाही. आतल्या कठड्याजवळची माती राखण्यासाठी शंकू मांडलेले असले की घोडा बाहेरून वळसा घेतो आणि वेळ उगाच वाढते. जोडीने सराव असला की एकाला मुद्दाम मागे ठेवून शेवटी पुढे आणतात, आणि कोणाला कोणाचे मन राखण्यासाठी पळवले, हे मन राखले गेलेल्या घोड्यालाही कळत नसावे. हे सगळे ज्यांना माहीत असते ते पहाटे कठड्याशी उभे राहत नाहीत. ते आत, तबेल्यांच्या बाजूला असतात. कठड्याशी आम्ही असतो. आम्हाला घोडा दाखवतात, घोड्याबद्दल काही सांगत नाहीत, आणि रविवारी मात्र सर्वांना सारखीच माहिती होती असे गृहीत धरून आमच्याकडून पैसे घेतात. मी हे त्या दिवशी तिथे बोलूनही दाखवले असते, पण मला अजून धाप लागलेली होती आणि बोलायला तोंड उघडले असते तर त्यांनी आणखी काहीतरी ऐकले असते.

घोडा माणसाला ओळखतो ते मात्र बिनचूक. बर्लिनमधील हान्स नावाचा घोडा बेरजा करतो असे लोक मानत, आणि 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिले की तो गणित करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. उत्तर जवळ आले की माणसाचे अंग ताणले जाते आणि सैल पडते, तेवढे त्याला पुरे होते. सराव संपवून परतताना चांदणीवाल्याने जाता जाता माझ्याकडे एकदा पाहिले. अगदी एकदाच. त्याचे कान पुढे होते, अंग कोरडे होते, नाकपुड्या शांत होत्या. आम्हा दोघांत धाप कुणाला लागली आहे, याविषयी त्याच्या मनात काहीही संदेह नव्हता.

रविवारी चौदा घोडे धावले आणि चांदणीवाला सातवा आला.

त्याची घरघर कुणी ऐकली नाही. तो सरळ धावेवर पाय बदलायला विसरला, मधल्या गर्दीत अडकला आणि शेवटी कंटाळल्यासारखा पळाला; या सर्व गोष्टी माझ्या दुर्बिणीतून मला स्वच्छ दिसल्या आणि त्यांतल्या एकीचाही घशाशी संबंध नव्हता. परंतु निकालाच्या फलकावर कारणे लिहीत नाहीत. माझ्या श्वासावरून घोड्याचे भविष्य सांगण्यात आले होते आणि घोड्याने ते खरे करून दाखवले होते. गर्दीतून बाहेर पडताना तो काट मारणारा तरुण मला भेटला. आता हा हिणवणार, अशा तयारीने मी उभा राहिलो. त्याने फक्त काळजीने विचारले, “दाखवलंत का?”

दाखवलेले नाही. आरशासमोर उभा राहून, तोंड उघडून, टॉर्चच्या उजेडात डावी बाजू दोनदा पाहिली, एवढेच. तिथे काही समजत नाही.

आज पहाटे मी पुन्हा गेलो. मोठी शर्यत संपली म्हणून घोडे काही पळायचे थांबत नाहीत, आणि वहीत अजून कोरी पाने होती. या वेळी अर्धा तास लवकर निघालो. बासष्ट पायऱ्या दर दहा पायऱ्यांवर थांबत, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत चढलो. कठड्याशी गेल्यावर त्या स्टुलापासून चांगली बारा पावले दूर, वाऱ्याची दिशा पाहून, आवाज त्यांच्याकडे जाणार नाही अशा बेताने उभा राहिलो. मैदानावर अजून एकही घोडा आला नव्हता. गृहस्थ पाठ करून, डोळे मिटून, हनुवटी वर करून बसले होते.

“आलात,” ते म्हणाले, आणि त्यांनी वही उघडली.